छत्तीस शून्यं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. हा विनोद त्याला इतक्या जणांनी ऐकवला होता की हल्ली समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तो हसून मोकळा व्हायचा. दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि तिथे तो, त्याची बायको आणि कॉलेजात जाणारी लेक असे तिघं सतरा वर्षं राहत होते. कामावर त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका रेषेत आणावी लागते. बाकीचे मेकॅनिक बोटभर फरक चालवून घेत. हा मात्र गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, 'अजून दोन मिलिमीटर वर' असं म्हणत राही. त्यापायी जेवणाची सुट्टी बुडाली की जोडीदार त्याच्या नावाने बोटं मोडत, पण त्याने जुळवलेल्या लिफ्टमध्ये शिरताना कधी कुणी म्हातारं ठेचकाळलं नाही.

पैशाच्या बाबतीतही स्वारी तशीच. किराणा रोख, भाडं पाच तारखेच्या आत. 'माझ्या नावावर कुणाचा छदाम नाही,' हे वाक्य तो वर्षातून चार-पाचदा छाती फुगवून म्हणे आणि बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता 'हो, ऐकलं,' म्हणे. तिचं यंत्र खिडकीशी होतं. ती लोकांचे कपडे सैल, घट्ट, आखूड, लांब करून द्यायची. आसपासच्या चार गल्ल्यांतल्या पँटी तिच्या हाताखालून गेलेल्या. ती खिडकी सुटली असती तर धंदाही सुटला असता, कारण पँट दोन बोटं आखूड करायला कुणी दोन बस बदलून येत नाही.

आणि ती खिडकी सुटायची वेळ आली. एका रविवारी मालकीणबाई धापा टाकत दोन जिने चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मी आता मुलाकडे राहायला जाते. या खोल्या विकायच्यात. परक्याला देण्यापेक्षा तुम्हाला दिलेल्या बऱ्या. दहा महिने थांबते. त्यानंतर मात्र दलालाला बोलावणार, मग मला बोल लावू नका."

मिलिमीटरने त्याच संध्याकाळी वहीत हिशेब मांडला. साठवलेल्या पैशांत पाव किंमत निघत होती. बाकीचं कर्ज काढलं तर हप्ता भाड्यापेक्षा थोडासाच जास्त. बायकोने आकडे दोनदा तपासले आणि पहिल्यांदाच खिडकीच्या चौकटीला रंग कुठला द्यायचा ते बोलून दाखवलं. एवढी ती खूश झाली होती.

पहिल्या बँकेने गोड बोलून नाही म्हटलं. दुसरीने गोडही बोलायचे कष्ट घेतले नाहीत. मग गडी पेटला. आठ दिवसांत त्याने तिसऱ्या बँकेत अर्ज टाकला, चौथीच्या पायऱ्या चढला. एका दुकानात वस्तू मिळाली नाही तर दुसऱ्यात बघावं, एवढं साधं गणित होतं त्याचं. प्रत्येक अर्जागणिक आपण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय याची बिचाऱ्याला गंधवार्ता नव्हती.

चौथ्या बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काका, गेल्या आठवड्यात तुम्ही तीन बँकांत अर्ज केलेत."

तो दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथे दिसतंय ना. एवढ्या घाईने दारोदार फिरणारा माणूस म्हणजे याला पैशाची फारच निकड दिसते, असा अर्थ निघतो. म्हणून आकडा आणखी थोडा उतरतो. आता बास. अजून कुठे अर्ज टाकू नका."

"कसला आकडा?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. बाहेर रांग होती तरी त्यांनी दहा मिनिटं दिली, त्याबद्दल मिलिमीटर अजून त्यांचं नाव आदराने घेतो. त्यांनी सांगितलं की कर्ज, कार्ड, हप्ते, जे काही माणूस बँकेकडून घेतो, त्याची नोंद दर महिन्याला एका ठिकाणी जमा होते. वेळेवर भरलं का, किती दिवस उशीर झाला, किती वापरलं, सगळं. त्यावरून तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असला तर बँक हसून बसवते. त्याचा होता पाचशे एकाहत्तर.

"पण मॅडम, मी आयुष्यात कुणाचं बुडवलेलं नाही हो!"

"असं सगळेच म्हणतात," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण तुम्ही म्हणताय ते खरं वाटतंय मला. वर्षातून एकदा हा रिपोर्ट फुकट मिळतो. काढा, शांतपणे वाचा आणि मग माझ्याकडे या."

लेकीने दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट मोबाइलवर उतरवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला. नऊ पानं. शिवणयंत्रावरचे कपडे बाजूला सारून तिघं खिडकीशी बसली. पहिल्याच पानावर त्याचं नाव, जन्मतारीख आणि राहून गेलेले चार पत्ते होते. त्यातला एक पत्ता लग्नाआधीच्या खोलीचा होता, बायकोलाही ठाऊक नसलेला. ज्या घराचं दार कुठल्या रंगाचं होतं हे तो स्वतः विसरला होता, ते घर कुणीतरी कुठेतरी लक्षात ठेवलं होतं. त्याच्या अंगावर काटा आला. भीतीने म्हणावा तर तसा नव्हता तो. एवढ्या मोठ्या जगात आपल्यासारख्या तेलकट हातांच्या माणसाचीही इतकी बारीक नोंद राहते, याचं त्याला नवल वाटलं.

नवल फार वेळ टिकलं नाही. तिसऱ्या पानावर एक क्रेडिट कार्ड निघालं.

"बाबा, तुमच्याकडे कार्ड आहे?"

"छे! होतं. ते मी केव्हाच कापून टाकलं."

आणि हे खरं होतं. बारा वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्यांची पगाराची खाती उघडली तेव्हा बँकेने न मागता कार्डं वाटली होती. मिलिमीटरने चार जोडीदारांच्या देखत पत्रा कापायच्या कात्रीने आपल्या कार्डाचे चार तुकडे केले होते, तेही मोजून सारखे, आणि म्हणाला होता, 'ही बला आपल्याला नको.' कार्ड कापलं की खातं मेलं, अशी त्याची समजूत. बँकेला कळवायचं असतं, लेखी बंद करून घ्यायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. मग वर्षाची फी लागली. ती भरली नाही म्हणून दंड, दंडावर व्याज, व्याजावर पुन्हा दंड. पत्रं जात होती कंपनीच्या जुन्या डेपोच्या पत्त्यावर, आणि तो डेपो पाडून दहा वर्षं झाली होती. एका हॉटेलातल्या जेवणाएवढी रक्कम फुगत फुगत दोन पगारांएवढी झाली आणि शेवटी बँकेने 'वसूल होत नाही' असा शेरा मारून सोडून दिली.

"माझ्या नावावर कुणाचा छदाम नाही," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. त्याने कपाळाला हात लावला.

पण लेक पुढचं पान वाचत होती आणि तिचा आवाज बदलला. "बाबा, इथे एक घरकर्ज आहे. तुमचं नाही. तुम्ही जामीनदार आहात."

कुणाचं कर्ज हे त्याने कागद न पाहताच ओळखलं. भोंग्याचं.

भोंगा त्याचा जोडीदार. लिफ्टच्या कामाला दोन माणसं लागतात. एक इमारतीच्या माथ्यावर, यंत्राच्या खोलीत. दुसरा तळाच्या खड्ड्यात, जिथे वरून लिफ्ट आली तर उंदरालाही पळायला जागा नाही. वरच्याने मुख्य स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. खालचा माणूस स्वतः वर येऊन समोर उभा राहीपर्यंत ती कुणालाही द्यायची नाही, साहेब आला तरी नाही. खड्ड्यात पाय ठेवण्याआधी खालच्याने ओरडायचं, "किल्ली कुणाकडे?" आणि वरून उत्तर यायचं, "माझ्याकडे!" भोंग्याचा आवाज असा की नवव्या मजल्यावरून तो हे ओरडला की तळमजल्यावरचे लोक दारं उघडून बघत. त्यावरूनच त्याचं नाव पडलेलं. सात वर्षं तो वर आणि मिलिमीटर खाली. त्या आवाजावर त्याने किती वेळा आपला जीव खड्ड्यात उतरवला असेल त्याची गणती नव्हती.

तेव्हा भोंग्याने घर बांधायला बारा वर्षांचं कर्ज काढलं आणि बँकेने जामीनदार मागितला, तेव्हा मिलिमीटरने विचारसुद्धा केला नाही. त्या जोड्यांत रीतच होती तशी, एकमेकांच्या कागदावर सही करायची. अर्जात भोंग्याबरोबर त्याच्या बायकोचंही नाव होतं. आणि तीनच वर्षांत भोंगा गेला. साधा ताप म्हणता म्हणता यकृतावर गेलं आणि वीस दिवसांत खेळ आटोपला. जोडीदारांनी वर्गणी काढली ती वहिनींनी हात जोडून परत केली. कंपनीच्या ऑफिसातला कुणीतरी म्हणाला, 'विम्यातून कर्ज मिटेल सगळं.' मिलिमीटरने ते ऐकलं, त्याचा जीव भांड्यात पडला आणि विषय संपला. मग त्याची दुसऱ्या भागात बदली झाली. पहिल्या वर्षी दोनदा भेटायला गेला, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि मग नुसतंच 'जायला हवं' म्हणत राहिला. ज्या माणसाने वरून उत्तर आल्याशिवाय कधी खड्ड्यात पाय घातला नाही, त्याने इथे मात्र खात्रीचा एक शब्द विचारला नव्हता. मला या माणसाचा राग येतो तो एवढ्याच एका गोष्टीसाठी.

कर्ज मिटलं नव्हतं. ते जिवंत होतं. त्याच्याखाली एक लांब चौकट होती, गेल्या तीन वर्षांच्या प्रत्येक महिन्याचं एक घर, आणि प्रत्येक घरात शून्य. छत्तीस घरं, छत्तीस शून्यं.

"म्हणजे काहीच भरलं नाही?" बायको हळूच म्हणाली.

मिलिमीटरच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं शून्य! म्हणजे बँक आता त्याच्या दारात येणार. खोल्या गेल्या, खिडकी गेली. आणि त्याच्याही आधी मनात आलं ते हे, की वहिनींचं एवढं वाईट चाललं होतं आणि आपल्याला पत्ताही नाही. तो दिवसभर धड जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच तो मॅडमच्या टेबलाशी हजर. नऊ पानं पुढे ठेवली आणि त्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा. काहीच भरलेलं नाही. आता काय होणार ते सरळ सांगा."

मॅडमनी पान वाचलं. आणि त्या हसल्या. "काका, ही रक्कम नाही. किती दिवस उशीर झाला ते लिहितात इथे. शून्य म्हणजे एक दिवसही उशीर नाही. छत्तीस महिने कुणीतरी एकही दिवस न चुकवता हप्ता भरलाय. शेवटचा याच महिन्यात, तीन तारखेला. पाच हप्ते उरलेत फक्त." त्यांनी पान जवळ घेऊन पुन्हा पाहिलं. "मी रोज असे वीस रिपोर्ट बघते. अशी ओळ फार कमी दिसते हो."

मिलिमीटरने ते पान उचललं आणि पुन्हा पहिल्या घरापासून मोजायला लागला. एक, दोन, तीन. काल ज्या शून्यांपायी जेवण गेलं नव्हतं, त्यांच्याकडे बघताना आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने बँकेत, रांगेतल्या माणसांसमोर, बाहीने पुसलं.

"हे जर थकलं असतं तर?" त्याने विचारलं.

"तर तुमच्या नावावर आलं असतं. मग कार्डाचं सोडा, तुम्हाला कुणी दारात उभं केलं नसतं. तुम्हाला माहीतच नव्हतं हे?"

"नाही," तो म्हणाला. "मला काहीच माहीत नव्हतं."

कार्डाचं काय करायचं ते मॅडमनी समजावलं. वसुलीवाले अर्ध्यात मिटवू म्हणतील, त्या मोहात पडायचं नाही. 'तडजोडीत मिटलं' असा शेरा पुढे वर्षानुवर्षं नडतो. पूर्ण भरायचं, काही देणं उरलं नाही असं पत्र घ्यायचं आणि रिपोर्टात सुधारणा झाली का ते पाहायचं. मग एक छोटी ठेव ठेवून तिच्यावर छोटं कार्ड घ्यायचं, थोडंसंच वापरायचं, दर महिन्याला सगळं फेडायचं. त्याने सगळं वहीत लिहून घेतलं. पण त्याचं अर्धं लक्ष त्या ओळीतच होतं.

तिथून तो थेट मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत गेला. वहिनी तिथे कामाला लागल्याचं कुणाकडून तरी कानावर आलेलं होतं. तळघरात वाफेने भरलेली लांब खोली, एका बाजूला घरघरणारी यंत्रं, दुसऱ्या बाजूला लांबलचक टेबल, आणि त्यावर पांढऱ्या चादरींचा डोंगर. वहिनी एकट्याच टेबलाशी होत्या. केस पांढरे झालेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि जणू काल भेटलो होतो अशा आवाजात म्हणाल्या, "या भावोजी. माझी जोडीदारीण आज आली नाही. ते टोक धरा बघू."

त्याने चादरीची दोन टोकं धरली. ताणायची, दुमडायची, चार पावलं पुढे जाऊन टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे. अशा पाच-सहा चादरी झाल्या.

"अहो, कडा एवढ्या काय जुळवताय? रुग्ण काही मोजपट्टी घेऊन झोपत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

तो हसला आणि चादर ताणतच म्हणाला, "वहिनी, मला वाटलं होतं ते कर्ज विम्यातून मिटलं."

"विमा? तो दवाखान्यातच संपला." त्यांनी चादर ढिगावर ठेवली. "ते गेल्यावर चार हप्ते थकले. मग बँकेचा माणूस आला. म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर जामीनदाराला नोटीस पाठवतो. मी म्हटलं, खबरदार! मला वेळ द्या. मग दर महिन्याला एक हप्ता आणि वर अर्धा, असे आठ महिने भरले, तेव्हा कुठे बरोबरीत आले. त्या वर्षी इथे दोन-दोन पाळ्या केल्या. पोरी शेजाऱ्यांकडे झोपायच्या. नंतर मग सवय झाली. तीन तारीख आली की पाय आपोआप बँकेकडे वळतात."

"मला एक शब्द तरी सांगायचा. माझी सही होती ना त्यावर. मी भरलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"पण का?"

वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी साधी गोष्ट या माणसाला कशी कळत नाही. "भावोजी, तुम्ही त्यांच्या शब्दावर खाली उतरला होता. ते गेले म्हणून काय झालं? किल्ली माझ्याकडे आली. खालचा माणूस वर आल्याशिवाय ती खिशातून काढायची नाही, हे काय मला माहीत नाही? रोज जेवताना दुसरं ऐकवायचे काय ते!"

यंत्रं घरघरत होती. नऊ वर्षं. नऊ वर्षं तो खड्ड्यात उभा होता आणि त्याला माहीतही नव्हतं, आणि वर कुणीतरी दर महिन्याच्या तीन तारखेला किल्ली चाचपून बघत होतं. त्याने आयुष्यात उंच इमारती पाहिल्या होत्या, चाळीस मजल्यांच्या दोरांना लटकून काम केलं होतं, पण एवढ्या उंचीचं काही त्याने पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं वाकून नमस्कार करावा. पण वहिनींनी पुढची चादर त्याच्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "धरा."

काम संपल्यावर त्याने खिशातून ते पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि शून्यांचा अर्थ सांगितला. वहिनींनी ओले हात पुसले, पान उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे सगळं कुणी लिहून ठेवलं?"

"बँका कळवतात. दर महिन्याला."

"प्रत्येक महिन्याचं?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, खिडकीतला माणूस शिक्का मारतो आणि विसरून जातो. कुणाला काय पडलंय." त्यांनी एका घरावर बोट ठेवलं. "हा बघा, या महिन्यात मला ताप होता. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून गेले होते. तरी शून्यच आहे." त्यांचा चेहरा असा उजळला की मिलिमीटरला तिथे जास्त बघवेना.

उरलेले पाच हप्ते आपण भरतो म्हणून तो हट्टाला पेटला, तेव्हा मात्र त्या तडकल्या. "मुळीच नाही! एवढी ओळ सरळ आणली आणि शेवटाला दुसऱ्याचा हात? माझी मी भरीन."

त्यानंतर मिलिमीटरच्या घरी रविवारी तीनऐवजी चार कप चहा होऊ लागला. वहिनी येत, बायकोच्या यंत्राशी बसून काजं करून देत आणि दोघी मिळून त्याची टर उडवत. त्याने कार्डाची बाकी पूर्ण भरली. वसुलीवाला फोनवर 'अर्ध्यात मिटवा साहेब, एवढं काय' म्हणाला, तेव्हा यानेच त्याला उलट भाषण दिलं. पत्र घेतलं, रिपोर्टातली नोंद बदलून घेतली. नवं छोटं कार्ड आलं ते तो काचेचं असल्यासारखं हाताळायचा. त्यावर बायकोचे दोरे आणि सुया घ्यायचा आणि बिल यायच्या आधीच भरायला धावायचा. मॅडमनी सांगितलं, "काका, बिल तरी येऊ द्या." आकडा सहाशे चारवर गेला, मग सहाशे अठ्ठेचाळीसवर. तो वहीत टिपून ठेवायचा आणि म्हणायचा, "अजून दोन मिलिमीटर वर."

सहाव्या महिन्यात वहिनींनी शेवटचा हप्ता भरला. नवव्या महिन्यात याचा आकडा सातशे दोन झाला आणि मॅडमनी फाइल वर पाठवली. ती परत आली. मंजूर होतं, पण एका अटीवर. जुना शेरा पुसायला अजून वेळ लागणार होता, तेव्हा चांगला जामीनदार हवा. मालकीणबाईंच्या मुदतीला तीन आठवडे राहिले होते.

"वहिनींना विचारा," बायको म्हणाली.

"तोंड नाही मला," तो म्हणाला. "नऊ वर्षं त्यांनी माझ्यासाठी काढली. आता कुठे मोकळ्या झाल्या. पुन्हा पंधरा वर्षं? मरेन पण विचारणार नाही." आणि तो खरंच विचारणार नव्हता. त्याने मनातल्या मनात खिडकीचा निरोपही घेऊन टाकला.

बायकोने त्याला न सांगता विचारलं. सोमवारी तो अर्ज मागे घ्यायला बँकेत गेला, तर मॅडमच्या टेबलासमोर वहिनी बसलेल्या. इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स, पाय घट्ट जुळवलेले. मॅडम पडद्याकडे बघत होत्या.

"वहिनी, हे काय? उठा. नको."

"बसा भावोजी, गर्दी होतेय मागे."

मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. आठशे सव्वीस. "काकू, या शाखेत मी पाच वर्षं आहे," त्या म्हणाल्या, "मोठमोठी दुकानं असलेले लोक इथे बसून गेले. याच्यावरचा आकडा मी दोनदाच पाहिलाय." रांगेतल्या एका माणसाने मान लांब करून त्या लाँड्रीवाल्या बाईकडे पाहिलं. वहिनींनी आकड्याकडे पाहिलं आणि हळूच डोक्यावरचे केस सारखे केले.

"नियम आहे म्हणून विचारते," मॅडम म्हणाल्या. "यांनी हप्ते भरले नाहीत तर ते तुमच्यावर येतील. याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला विचारता होय?" वहिनी म्हणाल्या, आणि सही करून कागद त्याच्यापुढे सरकवला.

मिलिमीटरने पेन हातात घेतलं. पंधरा वर्षांचं कर्ज. त्याने कागदाकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या वहिनींकडे, आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून विचारायचं तसं, पण अगदी हळू विचारलं,

"किल्ली कुणाकडे?"

वहिनींनी मांडीवरच्या पर्सवर हात ठेवला. आवाज भोंग्याचा नव्हता, पण टेबलाटेबलावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"माझ्याकडे!"

मग त्याने सही केली.